बारा वर्षांखालचा गट : प्रत्येकाला प्रत्येक जागा (प्रकल्प नोंदी, कोल्हापूर)

१५ जून २०२५

आज फुटबॉलचा गट बसला. चोवीस मुलं, त्यात सहा मुली, वयं दहा ते बारा. सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, रविवारी सकाळी. तालमीच्या भिंतीवर मोठा तक्ता लावलाय. वरच्या रांगेत आठवडे, डावीकडे बिब नंबर (सरावाच्या जाकिटावरचा आकडा), आणि प्रत्येक चौकोनात त्या आठवड्यात त्या मुलानं कुठे खेळायचं ते : गोल, बॅक (बचाव), हाफ (मधली फळी), विंग (कडा), फॉरवर्ड (पुढे, गोल मारायला). मार्चपर्यंत कुणालाही कायमची जागा द्यायची नाही, एवढा एकच नियम या प्रकल्पाला आहे. नोंदीसुद्धा बिब नंबरनंच ठेवणार.

हे का करायचं ते सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे सीझन तापला की विचारणारे बरेच येतील.

कोल्हापूरचं पोरगं फुटबॉल शिकायला मैदानावर येतं तेव्हा निम्मं आधीच घडलेलं असतं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस, या संघांत कोण कुठे खेळतो ते त्याला तोंडपाठ असतं. शाहू स्टेडियमची गॅलरी त्यानं काकाच्या खांद्यावर बसून पाहिलेली असते. तालमींनी कुस्तीसोबत फुटबॉल जपला तो या शहरात, आणि खेळावर इतकी माया करणारं दुसरं गाव महाराष्ट्रात मला माहीत नाही. पण गॅलरी नाव घेते ते गोल मारणाऱ्याचं. म्हणून आठव्या वर्षी प्रत्येकजण फॉरवर्ड असतो. जो जरा दांडगा तो बॅक, आणि ज्याला कुणी घेत नाही तो गोलात. ही वाटणी एकदा झाली की बदलत नाही. मग पंधराव्या वर्षी तो पुण्याला किंवा गोव्याला निवड चाचणीला जातो. उजव्या पायाची किक जबरदस्त, धाव चांगली, छातीत दम. पण पाठीमागून माणूस अंगावर असताना बॉल घेऊन वळता येत नाही. डावा पाय फक्त उभं राहण्यापुरता. बॅक असेल तर बॉल काढून देतो, पास देत नाही. अशी किती मुलं परत आलेली मी पाहिली आहेत आणि ती बघून माझा जीव तुटतो, कारण त्यांच्यात कमी काहीच नव्हतं. त्यांना लहानपणी अर्धाच खेळ मिळाला होता.

जमतं हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो इथून लवकर पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. जी मुलं गाव सोडून जाऊ शकत नाहीत, त्यांना इथेच पूर्ण खेळ मिळावा म्हणून हा खटाटोप.

२२ जून

साहित्य आलं. सगळे बॉल चार नंबरचे. काही पालकांनी विचारलं की मोठा पाच नंबरचा का नाही, पुढे तोच खेळायचा आहे ना. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅम, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. चार नंबरचा साधारण ३५० ते ३९० ग्रॅम, घेर ६३.५ ते ६६. दहा वर्षांच्या पोराच्या पायाला हा फरक मोठा असतो. बॉल जड असला की मूल पायाच्या आतल्या भागानं ढकलायचं सोडतं आणि बोटांनी हाणतं. बोटांनी हाणायची सवय मोडायला मग वर्षं जातात.

गांधी मैदान पावसात तळं होतं, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत शाळेचं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट. तिथे फुटसालचा, म्हणजे छोट्या कोर्टावरच्या फुटबॉलचा, बॉल वापरणार. तो कमी उसळतो; दोन मीटरवरून सोडला तर ५० ते ६५ सेंटिमीटरच वर यावा असा नियमच आहे. बॉल पायाजवळ राहतो, भिंतीपलीकडे जात नाही, आणि जागा इतकी कमी की डोकं चालवल्याशिवाय निभाव लागत नाही.

६ जुलै

आषाढी. निम्मी मुलं उपवासाची, त्यामुळे धावपळ नाही. गोल करून बसलो आणि नियम वाचले. थ्रो-इनवर (कडेबाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकताना) ऑफसाइड, म्हणजे समोरच्या बचावाच्या पलीकडे उभं राहिल्याचा दोष, नसतो हे फक्त तिघांना ठाऊक होतं.

१० जुलै

आजची नोंद लांबणार आहे.

दहा नंबर हा गटातला सगळ्यात हुशार पोरगा. उजव्या पायानं भिंतीवर मारलेला पास दहाच्या दहा वेळा पायाशी परत घेतो. त्याला डाव्या पायानं तेच करायला सांगितलं की बॉल कोपऱ्यात जातो आणि हा मागे कलतो. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मुलगा रडकुंडीला आला. त्याचं आणि भोवतीच्या सगळ्यांचं एकच म्हणणं, डावा पाय कच्चा आहे.

आमच्याबरोबर मामा असतात. पेठेकडून अनेक वर्षं हाफ खेळलेले, आता साठी ओलांडलेली. ते कोर्टाच्या कडेला उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "मारणारा पाय कशाला बघतोस? टेकलेला बघ."

मी खाली बसून बघितलं. दहा नंबर डाव्यानं मारायला जातो तेव्हा त्याचा उजवा गुडघा आत मोडतो. टाच वळते, चवडा बॉलच्या दिशेला न राहता बाहेर जातो, आणि तोल सावरायला तो छाती मागे टाकतो. छाती मागे गेली की बॉल वर जाणार किंवा कडेला जाणार, डावा पाय कितीही चांगला असला तरी. या मुलानं आयुष्यभर उजव्यानं मारलंय, म्हणजे आयुष्यभर डाव्यावर उभा राहिलाय. उजव्या पायावर एकट्यानं अंग तोलायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही.

मग लंगडी घेतली. चौकोन आखला, दोन गट केले, शाळेत खेळतात तशीच रीतसर लंगडी. फक्त अट अशी की उजव्या पायावर घालायची. एरवी डाव्या पायावर चौघांना बाद करून येणारी पोरं उजव्यावर सातआठ उड्यांत पाय टेकायला लागली. सगळे हसत होते, पण प्रत्येकाला आपापलं कळलं. गटात दोनच डावखुरे, त्यांचं नेमकं उलट.

लंगडीनंतर लगेच भिंतीपाशी, जेमतेम दोन मीटर अंतरावर. टेकलेला पाय बॉलच्या शेजारी, चवडा भिंतीकडे, गुडघा थोडा वाकलेला, आणि डाव्या पायाचा आतला भाग नुसता लावायचा. जोर अजिबात नको. दहा नंबरचे पास सरळ जायला लागले. आज लगेच पाय तयार झाला असं नाही, अंतर वाढवल्यावर पुन्हा कललाच. पण काय शिकायचंय ते त्याला दिसलं.

यापुढे प्रत्येक सरावाची सुरुवात लंगडीनं, दोन्ही पायांवर. "डावा वापर, डावा वापर" असं ओरडणं मात्र बंद, माझ्याकडून आणि मामांकडूनही.

२४ जुलै

पाऊस थांबत नाही. कोर्टावर चार-चारचे खेळ. हा आकडा मुद्दाम. चार जणांत समोर एक, डावीकडे एक, उजवीकडे एक असे पासाचे तीनही रस्ते असतात, आणि लपायला कुणाला जागा नसते. जूनच्या शेवटी उघडीप होती तेव्हा मोठ्या मुलांच्या अकरा-अकराच्या खेळात सात नंबरला मिसळलं होतं. दहा मिनिटांत त्याच्या पायाला बॉल चार वेळा लागला. आज त्याच दहा मिनिटांत मी मोजणं सोडून दिलं.

आता मान वळवण्याचं काम सुरू केलंय. बॉल आपल्याकडे येत असताना आपण बॉलकडे बघतो आणि आल्यावर भोवती बघतो. तोपर्यंत समोरचा अंगावर आलेला असतो. नॉर्वेचे अभ्यासक गाइर योर्देत यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मधल्या फळीच्या खेळाडूंचं चित्रण बघून हेच मोजलं. बॉल मिळण्याआधी जे जास्त वेळा मान वळवून बघतात, त्यांचे पास जास्त वेळा सहकाऱ्यापर्यंत पोचतात. इंग्लंडचा हाफ फ्रँक लँपार्ड त्यात वरच्या रांगेत होता. दहा वर्षांच्या मुलाला हे सांगून काही होत नाही, खेळात घालावं लागतं. पास येत असताना मागे मामा दोन रंगांच्या बिबांपैकी एक उंच धरतात. बॉल पायाला लागायच्या आत रंग ओरडायचा आणि त्या बाजूला वळायचं. लाल असेल तर डावीकडे, पिवळा असेल तर उजवीकडे. पहिल्या दिवशी गोंधळ. पंधरवड्यानं बघू.

१२ ऑगस्ट

गोलची पाळी. तक्त्यात ही पाळी आली की घरी पोट दुखतं, असं दोन आयांनी सांगितलं. गोलात उभं राहणं म्हणजे शिक्षा, ही समजूत आधी मोडायला हवी.

पावसाचा इथे उपयोग झाला. कोर्टाशेजारी गवताचा पट्टा आहे, तो आता लोण्यासारखा मऊ झालाय. पडायला शिकवण्यासाठी याहून चांगले दिवस वर्षात येत नाहीत. आधी गुडघ्यावर बसून कडेला कलंडायचं. मांडी, मग कंबर, मग खांदा, या क्रमानं जमिनीला लागायचं. कोपर आधी टेकवायचं नाही. बॉल छातीच्या वर असेल तर दोन्ही अंगठे जवळजवळ, तळवे बॉलच्या मागे. अर्ध्या तासात सगळी पोरं चिखलानं माखली आणि कुणालाच गोल सोडवेना. आयांची मनापासून माफी मागितली, साबण मंडळाकडून देऊ म्हणालो.

आजच्या गोलकीपरला हातांइतकेच पाय लागतात. १९९२ साली नियम आला की सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम मागे दिलेला बॉल गोलकीपरनं हातात धरायचा नाही. २०१९ पासून गोल-किक (गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करायची किक) पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या, बाहेर जायची वाट बघावी लागत नाही, आतच पास घेता येतो. या दोन नियमांनी गोलकीपरला अकरावा खेळणारा केलंय. म्हणून आमच्याकडे गोलच्या पाळीला लांब किक बंद. बॉल हातात आला की जवळच्या माणसाला, पायानं किंवा हातानं लोटून.

सात नंबरचं लिहायलाच हवं. हा जातिवंत फॉरवर्ड, गोल मारल्यावर कोर्टाला फेरी मारणारा. त्याला आज गोलात उभं केलं तेव्हा चेहरा उतरला. अकरा नंबर ही गटातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. तिनं जवळच्या खांबाच्या आतून त्याला गोल मारला. तो रेषेवरच उभा होता, त्यामुळे दोन्ही बाजूंना मोकळी जागा. पुढच्या वेळी ती आली तेव्हा तो दोन पावलं पुढे सरकला आणि तिच्यापुढचा गोल लहान झाला. बॉल पायाला लागून बाहेर गेला. कुणी शिकवलं नव्हतं. खेळ संपल्यावर स्वतः येऊन विचारतो, "सर, म्हणजे गोलकीपर पुढं आला की मी त्याच्या पायातनं मारायचं काय?" फॉरवर्डला शिकवायची ही गोष्ट त्याला गोलात उभं राहून मिळाली.

२४ ऑगस्ट

बुधवारपासून गणपती. अनंत चतुर्दशी होईपर्यंत सराव बंद. पोरं मांडवातच असणार, आणि असावीतही. घरी जाता-येता भिंतीवर डाव्या पायाचे पास मारा एवढंच सांगितलंय.

१४ सप्टेंबर

पालकांची बैठक. आज हॉल भरला होता. मनातलं बोलले ते बरं झालं.

सात नंबरचे वडील म्हणाले, "सर, आमचा स्ट्रायकर हाय. त्याला बॅकला टाकून त्याचं नुकसान का करताय?" प्रश्न रास्त आहे. वर्षभरात शाळेच्या स्पर्धा असतात, तिथे गोलच मोजतात. मी त्यांना जर्मनीच्या फिलिप लामचं सांगितलं. पाय उजवा, पण बायर्न म्युनिक क्लब आणि जर्मनीसाठी किती तरी वर्षं डावा बॅक. २००६ च्या विश्वचषकातला पहिला गोल त्यानंच मारला, डावीकडून आत येऊन उजव्या पायानं. २०१३ मध्ये बायर्नला ग्वार्डिओला प्रशिक्षक म्हणून आला आणि त्यानं लामला मधल्या फळीत घेतलं. तिशीच्या उंबरठ्यावर नवी जागा त्यानं अशी निभावली की वाटावं जन्मभर तिथेच खेळला. २०१४ ला जर्मनीनं विश्वचषक जिंकला तेव्हाही तो स्पर्धेच्या सुरुवातीला मध्ये होता आणि पुढच्या सामन्यांत उजवा बॅक. कप्तान तोच. असा खेळाडू प्रशिक्षकाला कायम हवा असतो. वडील म्हणाले, मार्चपर्यंत बघतो. एवढं पुरे आहे.

दुसरा विषय कडेवरून ओरडण्याचा. "मार की पुढं!", "काढ बाहेर!", "एकटा जा!" हे प्रेमापोटीच असतं. पण मूल विचार करत असतं तेव्हाच नेमकं कानावर पडतं आणि ते विचार सोडून बॉल हाणतं. नुसतं गप्प बसा म्हणून कुणी बसत नाही. म्हणून प्रत्येकाला एक काम दिलंय. आपल्या मुलाला बॉल मिळायच्या आधी त्यानं किती वेळा मागे वळून पाहिलं ते कागदावर रेघ मारून मोजायचं. संध्याकाळच्या खेळात पाहिलं, कडेला इतकी शांतता की मामांना चुकल्यासारखं वाटलं. एक आजी रेघा मारत होत्या. खेळ संपल्यावर नातवाला म्हणाल्या, "बघतोस कुठं रं? तीनच झाल्या."

२३ सप्टेंबर

नवरात्र. येणं-जाणं अवघड, अंबाबाईच्या दर्शनाला शहर फुललंय, पंधराच मुलं.

सोळा नंबरची टाच दुखते. सकाळी उठल्यावर आणि सरावानंतर जास्त, दोन्ही बाजूंनी दाबलं की कळवळतो. या वयात टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग अजून पक्का झालेला नसतो, आणि पोटरीची शीर त्यावर ओढ देत असते. सिमेंटवर खेळलं की ओढ वाढते. त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तेच सांगितलं. धावणं, उड्या बंद, पोटरीचे ताण, बुटात टाचेखाली मऊ गादी. मुलगा घरी बसायला तयार नाही, म्हणून पंच केलंय. शिट्टी घेऊन उभा असतो आणि दुखऱ्या टाचेचं विसरून नियम पाठ करतो.

उंची झपाट्यानं वाढायची वेळ मुलींची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलग्यांची चौदाव्या. त्या काळात कालपर्यंत जमणाऱ्या गोष्टी जमेनाशा होतात. पाय लांब झालेले असतात आणि डोक्याला त्याची खबर उशिरा लागते. अशा मुलाला आळशी म्हणू नये हे मी मामांना आणि पालकांना पुन्हा पुन्हा सांगतो. तक्त्याच्या मागच्या बाजूला दर महिन्याला उंची लिहायला सुरुवात केली.

सरावाआधीच्या व्यायामात फिफाच्या लहान मुलांसाठीच्या '११+ किड्स' मधले प्रकार घेतोय : एका पायावर तोल, उडी मारून गुडघा वाकवून उतरणं, पडून उठणं. परदेशांत हजारो मुलांवर त्याचा अभ्यास झालाय आणि दुखापती जवळपास निम्म्यानं कमी झाल्या. निम्मे प्रकार तर आमच्या लंगडीत आधीच आहेत.

९ ऑक्टोबर

मैदान सुकायला लागलं. आता उंच बॉल येणार आणि हेडिंगचा, म्हणजे डोक्यानं बॉल मारण्याचा, प्रश्नही.

आठ वर्षांपूर्वी याच तारखेला दिल्लीत भारतानं १७ वर्षांखालील फिफा विश्वचषकातला आपला पहिला गोल केला. कोलंबियाविरुद्ध, संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जिक्सन सिंगनं डोक्यानं मारलेला. तो गोल मुलांना दाखवला. बघून सगळ्यांनाच हेडिंग करायचं होतं.

तरीही या गटात हेडिंगचा सराव नाही. अमेरिकेच्या संघटनेनं २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं. इंग्लंडमध्ये २०२० पासून अकरा वर्षांखाली ते सरावात शिकवत नाहीत. मान पक्की नाही, मेंदू वाढतोय, आणि या वयात त्यातून मिळणारं फार थोडं आहे. उडी कधी मारायची, बॉल कुठे पडेल हे ओळखणं, डोळे उघडे ठेवणं, एवढं आत्ता हातानं झेलून शिकता येतं. हातानं पास, हातानं झेल आणि गोल फक्त उडी मारून हातानं, असा खेळ लावला. डोक्याचा वापर पुढे चौदाच्या गटात, हलक्या बॉलनं सुरू करतील.

२६ ऑक्टोबर

दिवाळीनंतर पहिला सराव. पोरांच्या नखांत अजून किल्ल्यांची माती. निवांत खेळ.

९ नोव्हेंबर

मोठ्या मैदानावर सात-सात. साठ बाय चाळीस मीटर पावलांनी मोजून घेतलं, फक्की मारली.

बॅकचं काम आज खऱ्या अर्थानं सुरू केलं. आपल्याकडे बचाव म्हणजे पाय टाकणं. समोरचा आला की हा झेप घेतो, तो हूल देतो आणि निघून जातो. गॅलरीला झेप आवडते, म्हणून मुलंही तीच करतात.

एकोणीस नंबर झेप घेत नाही. ही मुलगी शाळेत खो-खो खेळते. समोर कुणीही येऊ दे, ती हातभर अंतर ठेवून आडवी उभी राहते, मागे मागे सरकते आणि त्याला रेषेकडे नेते. मी तिला विचारलं, कुठे बघतेस? म्हणाली, "कमरेकडं. पायानं फसवतात, कंबर फसवत नाही." खो-खोत पळणारा हूल देतो तेव्हा पाठलाग करणाऱ्याला हेच बघावं लागतं, कारण उठल्यावर एकदा दिशा धरली की बदलता येत नाही. दहा वर्षांच्या मुलीला हे इतकं पक्कं ठाऊक आहे म्हटल्यावर मी मागे झालो. आज बचाव तिनं शिकवला. सगळ्यांना जोड्या करून हात मागे बांधायला लावले आणि समोरच्याची कंबर बघत सरकायला लावलं.

माझं मत दिवसेंदिवस पक्कं होतंय की या वयात नुसता फुटबॉल खेळणारं मूल मागे पडतं. खो-खो, लंगडी, कबड्डी, आट्यापाट्या, पोहणं, झाडावर चढणं, सगळं हवं. आट्यापाट्यांत पाटी धरणारा आणि तिच्यातून निसटणारा यांच्यात जे चालतं, तेच पेनल्टी एरियात चालतं. आमच्या शाळांत हे खेळ अजून शिकवणारे आहेत हे केवढं मोठं भांडवल आहे.

दहा नंबरनं आज डाव्या पायानं पंधरा मीटरचा पास दिला. जमिनीवरून, सरळ. त्यानं स्वतः काही दाखवलं नाही. मी उजव्या गुडघ्याकडे बघत होतो, गुडघा हलला नाही.

३० नोव्हेंबर

शेजारच्या पेठेच्या मुलांबरोबर मैत्रीचा सामना, नऊ-नऊ. आमच्या गटात दोन्ही पेठांची मुलं आहेत, त्यामुळे आठवडाभर घरांत चर्चा. मोठ्यांच्या सामन्यांत गॅलरीत काय काय होतं ते ही मुलं बघतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या पालकांना मिसळून बसवलं आणि दोन्ही संघांना मध्यंतरात एकाच ठिकाणी केळी दिली.

त्यांचे प्रशिक्षक भले माणूस, पण जिंकायला आले होते. त्यांचा एक मुलगा बाकीच्यांपेक्षा डोकंभर उंच, त्याला पुढे ठेवून लांब बॉल. पहिल्या हाफमध्ये दोन गोल बसले. आमच्या तक्त्याप्रमाणे आज सात नंबर बॅक, अकरा नंबर गोलात. सात नंबरचे वडील कडेला होते. मला वाटलं आता येतील बोलायला, आले नाहीत. ते रेघा मारत होते.

दुसऱ्या हाफमधली एक चाल इथे लिहून ठेवतो, म्हणजे मार्चमध्ये वाचता येईल. अकरा नंबरनं लांबून आलेला बॉल छातीशी घेतला. पुढे दोघं धावत आले. एरवी अशा वेळी सगळं मैदान "मार!" म्हणून ओरडतं. तिनं हातानं लोटून बॉल डावीकडे सात नंबरला दिला. सात नंबरनं तो यायच्या आधी दोनदा मागे पाहिलं, मी स्वतः बघितलं. अंगावर आलेल्याला पाठ न देता कडेनं फिरून त्यानं दहा नंबरला दिला, आणि दहा नंबरनं पहिल्याच स्पर्शात, डाव्या पायानं, उजव्या कडेला धावणाऱ्या एकोणीस नंबरला. तिनं मारलेला बॉल खांबाला लागून बाहेर गेला.

सामना ३-१ नं हरलो. मुलं थोडी हिरमुसली, मग केळी संपवायला गेली. मामा घरी जाईपर्यंत त्या चालीबद्दलच बोलत होते. चार मुलं, आणि त्यातलं एकही आपल्या 'आवडत्या' जागेवर नव्हतं.

४ डिसेंबर

दोन गोष्टी ठरवायच्या होत्या.

पहिली, तक्त्यात जन्ममहिने लिहिले. वयोगट १ जानेवारीपासून धरतात, त्यामुळे जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेली मुलं एकाच गटात येतात. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे कधी कधी वीतभर उंचीचा फरक. निवडीत वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली मुलं जास्त घेतली जातात हे जगभर दिसून आलंय. ती हुशार असतात म्हणून नाही, आधी वाढलेली असतात म्हणून. आमच्या अकरा नंबरचा जन्म डिसेंबरचा आहे. संघ निवडताना हा रकाना उघडा ठेवायचा असं मामांनी आणि मी ठरवलं.

दुसरी, मंडळातल्या थोरल्यांचा निरोप. फेब्रुवारीत चौदा वर्षांखालची स्पर्धा आहे, आमच्यातली सहा मुलं द्या. त्यांनी नावंही कळवलीत, आणि सहाही फॉरवर्ड म्हणून हवेत. थोरल्यांचा मान आहे, मैदान त्यांनीच मिळवून दिलंय, बॉलचे पैसेही त्यांचेच. आज संध्याकाळी जाऊन बसलो. मुलं देऊ म्हणालो, पण तीन अटी सांगितल्या. प्रत्येकाला प्रत्येक सामन्यात किमान अर्धा वेळ मैदानावर ठेवायचं. एका सामन्यात दोन वेगवेगळ्या जागा द्यायच्या. आणि सोळा नंबरला त्याची टाच पूर्ण बरी झाल्याशिवाय उतरवायचं नाही, मग फायनल असली तरी. पहिली आणि तिसरी अट लगेच मान्य झाली. दुसरीवर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं की थोरल्यांनी येत्या रविवारी सरावाला यायचं, तासभर कडेला बसून बघायचं आणि मग सांगायचं. मामा त्यांच्यासाठीही कागद-पेन्सिल आणणार आहेत.

रविवारच्या तक्त्यात सात नंबर हाफ, दहा नंबर डावा बॅक, एकोणीस नंबर फॉरवर्ड, अकरा नंबर विंग. गोलात तीन नंबर, त्याची पहिलीच वेळ. त्याच्या आईला जुने कपडे घालून पाठवा म्हणून निरोप दिलाय.